बेलच्या बटणावरचा व्हायरस

रात्री साडेआठला मी वॉर्डात फोन करून सांगितलं, "सिस्टर, व्हायरस मिळालाय, जवळपास सगळीकडे मिळालाय", आणि हे वाक्य मी बोलायला नको होतं.

झालं होतं असं की एका वॉर्डात फ्लूचे पेशंट एकापाठोपाठ वाढत होते, तिथल्या दोन सिस्टर स्वतःच आजारी पडल्या आणि व्हायरस नक्की कुठे कुठे बसलाय ते बघायला त्यांनी आमच्या लॅबला चौदा स्वॅब पाठवले. बेडची स्टीलची रेलिंग, बाजूचं टेबल, केस पेपर, पडदा, उशीचा अभ्रा, पेशंटच्या हाताशी असते ती बेल, असं सगळं. प्रत्येक ट्यूबवर कुठून घेतला, किती वाजता घेतला, पेशंट तिथून कधी हलला हे व्यवस्थित लिहिलेलं, बेलच्या ट्यूबवर तर "बटणाच्या फटीत वाळलेला शेंबूड" असंही लिहिलं होतं. इतकं मन लावून सॅम्पल पाठवणारे लोक फार कमी भेटतात, मला त्या सिस्टरबद्दल न भेटताच आदर वाटला. ट्यूब बर्फात आल्या होत्या, तेही बरोबर, कारण थंडीत फ्लूचा व्हायरस टिकतो. त्याच्या बाहेरच्या चरबीच्या आवरणाला गारवा मानवतो, म्हणून तर बर्ड फ्लूचा व्हायरस थंड तळ्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे राहू शकतो. सॅम्पल टिकवायला आपण जे करतो तेच बाहेर हिवाळा करत असतो.

आरटी-पीसीआर लावली, चौदापैकी अकरा पॉझिटिव्ह. पडदासुद्धा, केस पेपरसुद्धा. आणि मी तो फोन केला.

सकाळी मी यायच्या आतच वॉर्डातून तीन फोन येऊन गेले होते. पडदे उतरवून टाकून द्यायचे, गाद्या फेकायच्या, वॉर्ड बंद करायचा अशी चर्चा सुरू झालेली. मी फोन घेतला तर सिस्टरचा आवाज रडवेला, म्हणाल्या, "मॅडम, मी काल त्याच पडद्याला हात लावून घरी गेले हो, माझ्या घरी तान्हं बाळ आहे." मला काय बोलावं सुचेना.

आमच्या हेड मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तू त्यांना व्हायरस मिळाला म्हणालीस. आपल्याला आरएनए मिळालाय." बस, एवढंच. पण मला ते लागलं, कारण हे मला माहीत होतं आणि तरी मी घाईत बोलून गेले होते. पीसीआर जनुकाचा एक तुकडा शोधते. व्हायरसचं आवरण फाटलंय, तो आता कुठल्याच पेशीत शिरू शकत नाही, तरी त्याच्या आतला आरएनए, म्हणजे त्याची जनुकं ज्याची बनलेली असतात ते द्रव्य, बरेच दिवस सापडत राहतो आणि मशीनवर रेघ वर चढते ती चढतेच. जिवंत आहे की नाही हे विचारायचं तर पेशींनाच विचारावं लागतं.

ते आम्ही आदल्या संध्याकाळीच लावून ठेवलं होतं. एमडीसीके पेशी, 1958 साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या, आजही जगभर फ्लू वाढवायला याच वापरतात. बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये बसून प्रत्येक सॅम्पल या पेशींच्या थरावर घातलं, वरून ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम मिसळलेला जेलसारखा थर दिला (ट्रिप्सिन नसेल तर फ्लू एका पेशीतून दुसरीत नीट पसरतच नाही) आणि प्लेटा इन्क्युबेटरमध्ये. मग तीन दिवस थांबायचं. सिस्टरला मी फोनवर परत सगळं सांगितलं, काल मी चुकीचं बोलले हेही सांगितलं, आणि काही फेकू नका, साबणाने हात धुवा, जिथे हात लागतो त्या जागा पुसा, तीन दिवस द्या अशी विनंती केली. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी क्रिस्टल व्हायोलेट घातलं. पेशी जिवंत असतील तिथे जांभळा रंग धरतो आणि व्हायरसने पेशी मारल्या असतील तिथे गोल पांढरी भोकं दिसतात, त्यांना प्लाक म्हणतात. प्लेट धुतली, उजेडात धरली. पडद्याचं सॅम्पल घातलेला खाना, अख्खा जांभळा. केस पेपर जांभळा. अभ्रा जांभळा. टेबलाच्या सॅम्पलच्या खान्यात पेशींचा थरच गायब, ते बघून पोटात गोळा आला, पण तेच सॅम्पल दहापट पातळ करून लावलेल्या शेजारच्या खान्यात पेशी मजेत होत्या आणि एकही प्लाक नव्हता. म्हणजे पेशी व्हायरसने मेल्या नव्हत्या, टेबल जंतुनाशकाने पुसलेलं होतं आणि स्वॅबवर तेच औषध उतरलं होतं.

रेलिंगवर प्लाक होते. त्यात नवल नव्हतं, पेशंट हलल्यावर पाच तासांतला स्वॅब तो. नवल होतं बेलचं. पेशंट हलून चाळीस तास झाले होते आणि तरी खान्यात स्वच्छ, मोजता येतील असे प्लाक. मी प्लेट फिरवून फिरवून बघत राहिले. ते फ्लूचेच आहेत ना म्हणून पुढे वाढवून हिमॅग्लुटिनेशन टेस्ट लावली (फ्लूचा व्हायरस रक्तातल्या लाल पेशी एकमेकींना चिकटवतो, ते यात दिसतं), व्हायरस नसता तर लाल पेशी तळाला बटणासारख्या जमल्या असत्या, इथे जाळं धरून पसरून राहिल्या.

आकडे तसे जुनेच आहेत. 1982 मधल्या प्रयोगात स्टील आणि प्लॅस्टिकवर फ्लू 24 ते 48 तास टिकला होता, कापड आणि कागदावर 8 ते 12 तासांच्या आत संपला होता, आणि हातावर आलेला व्हायरस पाचच मिनिटं. 2008 मध्ये नोटांवर केलेल्या प्रयोगात नुसता व्हायरस जास्तीत जास्त तीन दिवस टिकला, पण शेंबडात मिसळलेला 17 दिवसांपर्यंत. वाचलेलं सगळं होतं, पण बेलच्या फटीत वाळलेला तो एवढासा चिकट थर व्हायरसला पांघरूण घालून बसलेला मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. आणि पडद्याबद्दल मॅडमनी एक गोष्ट रिपोर्टात लिहायला लावली ती मला फार पटली, की कापडातून स्वॅबने व्हायरस नीट निघत नाही, त्यामुळे "आढळला नाही" लिहायचं, "नाही" लिहायचं नाही.

संध्याकाळी फोन केला तेव्हा एकेक शब्द तोलून बोलले. पडदे धुवायला टाका, फेकू नका. गाद्या राहू द्या. बेल आधी साबणपाण्याने घासून वाळलेलं काढा, फट सोडू नका, मग अल्कोहोलने पुसा, फ्लूचं आवरण चरबीचं असल्यामुळे तो साबणाला आणि अल्कोहोलला दोन्हीला लवकर मरतो. आणि बाळाबद्दल, हातावर तो फार वेळ राहत नाही, तेवढ्यात तोंडा-नाकाला हात लागू द्यायचा नाही. तुमच्या दोन सिस्टर बहुधा पेशंटच्या खोकल्यातूनच आजारी पडल्या असतील तेव्हा मास्क सोडू नका हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मग विचारलं, "मग पडद्याचा तो पॉझिटिव्ह आला होता तो मेलेला होता?" मी म्हटलं, आम्हाला जिवंत सापडला नाही.

चार दिवसांनी बेल घासून पुसल्यानंतरचा स्वॅब आला, ट्यूबवर तसंच नीट अक्षर. पीसीआर परत पॉझिटिव्ह, अगदी अंधुक. मी कळवायला फोन केला आणि "सिस्टर, बेलचा पॉझिटिव्ह आलाय" एवढं म्हणते तोच त्यांनी मध्येच विचारलं, "पीसीआर ना? पेशींचा कधी येणार?"