गणित सोडलं तरी सुटत नाही

सोमवार

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात ऊन आणि ‘ग्रुप’ या दोनच गोष्टींची चर्चा असते. नवी पेठेत वह्यांच्या दुकानात, सात रस्त्यावर, जुळे सोलापुरातल्या कट्ट्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो: पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) की पीसीबी (मॅथ्सऐवजी बायो)? उत्तर बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असतं. डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं हे गाव, डॉक्टरकीचं वजन इथं जुनं आहे. मुलगी हुशार असेल तर बायो, मुलगा हुशार असेल तर मॅथ्स, आणि दोघांचं काही ठरत नसेल तर चारही. ‘असू दे की, उपयोगी पडेल.’

मुळात निवडायला फार काही नसतंच. बारावी सायन्सला सहा विषय आणि ६०० गुण, वर पर्यावरणाचे ५०, म्हणजे एकूण ६५०. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा, किंवा अनेक कॉलेजांत तिच्याऐवजी आयटी. फिजिक्स आणि केमिस्ट्री कुठल्याच वाटेवर चुकत नाहीत. उरल्या दोन जागा, आणि त्या दोन जागांसाठी मॅथ्स, बायो, भूगोल अशी रांग. एवढीच काय ती निवड. म्हणून ‘काय घेऊ’ असं विचारण्यापेक्षा ‘काय सोडतोय आणि ते खरंच सुटतंय का’ असं विचारावं.

मंगळवार

बालभारतीची अकरावीची पुस्तकं समोर ठेवून फक्त अनुक्रमणिका वाचल्या. एवढंच केलं तरी खूप कळतं, पण प्रवेशाच्या गडबडीत ते कुणी करत नाही.

फिजिक्सचं दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं आहे. सदिशांची बेरीज, डॉट आणि क्रॉस गुणाकार, त्यापाठोपाठ डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. तिसरं प्रकरण प्रतलातल्या गतीचं, म्हणजे हे सगळं लगेच वापरायचं. आता मॅथ्सचं पुस्तक घ्या. डिफरन्सिएशन आहे दुसऱ्या भागात, नवव्या म्हणजे अगदी शेवटच्या प्रकरणात. सदिश तर बारावीला. फिजिक्सला जे जुलैत लागतं ते मॅथ्सचा वर्ग जानेवारी-फेब्रुवारीत देतो, काही तर पुढच्या वर्षी.

जुलैत फळ्यावर dx/dt उमटतं तेव्हा त्याच आठवड्यात मॅथ्सच्या तासाला अंश आणि रेडियन चाललेलं असतं. मुलाला वाटतं फिजिक्स जमत नाही. खरं तर फिजिक्स सुरूच झालेलं नसतं, भाषाच आलेली नसते. मॅथ्स घेतलेल्याचं हे रडगाणं निदान बारावीपर्यंत मिटतं. मॅथ्स सोडून पीसीबी घेतलेल्याला मात्र पुढं कुठलाच वर्ग ही उणीव भरून देत नाही. ‘गणिताची कटकट नको म्हणून बायो’ हे वाक्य इथं उलटतं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे नीटमध्ये, ७२० गुणांत फिजिक्सचे १८०, आणि ते गणिताशिवाय सुटत नाहीत.

केमिस्ट्रीही तशीच. अकरावीचं पहिलं प्रकरण मोलचं. बारावीला पीएच, अभिक्रियेचा वेग, दोन्हीकडे लॉग. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची तक्ता-पुस्तिका वापरायची. नेहमीची चूक अशी: log 2 = ०.३०१०, म्हणून log ०.००२ लिहायचा ‘तीन बार’ .३०१०. इथं बार फक्त तीनवर आहे, अपूर्णांक धनच राहतो. किंमत -३ + ०.३०१० = -२.६९९. मुलं सरळ -३.३०१० लिहून मोकळी होतात आणि पुढचं सगळं गणित वाहून जातं. एच प्लसची तीव्रता २ × १०⁻⁵ असेल तर पीएच ५ - ०.३०१० = ४.७०. पीएच ५.३ येत असेल तर चूक रसायनाची नाही, वजाबाकीची आहे.

तेव्हा पीसीबी घेणाऱ्यानं कॉलेज सुरू होण्याआधी पंधरा दिवस एवढं बसून करावं. रेडियन म्हणजे काय (१ रेडियन सुमारे ५७.३ अंश) आणि लहान कोनाला sin θ च्या जागी θ का चालतो. ०, ३०, ४५, ६०, ९० चे साइन-कोसाइन न बघता. एका सदिशाचे दोन घटक पाडणं. इथं साइन कुठं आणि कोसाइन कुठं हा घोळ उतारावरच्या ठोकळ्यात हमखास होतो, कारण कोन उताराशी मोजलाय की लंबाशी हे कुणी बघत नाही. xⁿ, sin x, cos x, eˣ, ln x यांचे डेरिव्हेटिव्ह. xⁿ आणि १/x चं इंटिग्रेशन, आणि ते म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ ही समज. आणि लॉग. यापेक्षा जास्त नको. मॅथ्सच्या पुस्तकात त्रिकोणमितीची दोन लांब प्रकरणं आहेत, शंकुच्छेद आहेत, सारणिक आहेत. पीसीबीवाल्याला त्यातलं फारसं काही लागत नाही.

बुधवार

लाइट दोनदा गेली. लिहिणं राहिलं. एकच नोंद: अकरावीचे गुण बारावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत, म्हणून अख्खं शहर अकरावीला ‘आरामाचं वर्ष’ म्हणतं. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, अकरावीचा वाटा २० टक्के, बारावीचा ८०. नीट आणि इंजिनिअरिंगच्या जेईईला मात्र दोन्ही वर्षं पूर्ण. आरामाची किंमत ज्या त्या परीक्षेप्रमाणं वेगळी पडते.

गुरुवार

कुठला विषय सोडला की काय बंद होतं, ते एकदा नीट मांडून ठेवतो.

मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, एनडीएतून नौदल आणि हवाई दल गेलं. बायो सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यक, फिजिओथेरपी गेली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ मधल्या वाटांवर आहे. बी. फार्मला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स किंवा बायो, दोहोंपैकी एक चालतं. बी. एस्सी. ॲग्रीलाही दोन्ही गट चालतात. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र बघून शेतीशास्त्राकडं वळणारी पोरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना बायोच हवं असं कुणीतरी ठामपणे सांगून ठेवलेलं असतं. पीसीएमवाल्यालाही तो रस्ता मोकळा आहे.

आणखी एक. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये खुलासा केला की बारावी झाल्यावर बायो जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येते. म्हणजे बायोचं दार लावलं तरी पुन्हा उघडतं. मॅथ्सचीही जादा विषय म्हणून परीक्षा देता येईल, पण दोन वर्षं सुटलेलं गणित घरी बसून उभं करणं आणि दोन वर्षं सुटलेलं बायो वाचून काढणं, यात फार फरक आहे. बायो वाचता येतं. गणित हाताला लागतं, आणि हात मोडतो. म्हणून कल खरंच ठरला नसेल, दोन्ही पारडी समान असतील, तर मी मॅथ्सच्या बाजूनं कौल देईन. मात्र ‘समान असतील तर’ हे अर्धं वाक्य लोक ऐकत नाहीत.

मग चारही का नकोत? पीसीएमबीत विषयांची संख्या वाढत नाही, सहाचे सहाच राहतात. वाढतो तो भार, कारण भूगोलासारखा हलका विषय जाऊन तिथं बायो बसतं. अकरावीच्या बायोत सोळा प्रकरणं, बारावीच्या पंधरा, प्रत्येकात आकृत्या, शिवाय प्रॅक्टिकल आणि जर्नल. प्रवेश परीक्षेचं पुढं येतंच. सीईटीचा पीसीएम गट म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे आणि मॅथ्सचे पन्नास प्रत्येकी दोन गुणांचे. वेळ ९०-९० मिनिटं, उणे गुण नाहीत. वेग हेच तिथलं शस्त्र. नीटमध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा, आणि निम्मा पेपर बायोचा. म्हणजे ‘माहीत नसेल तर सोड’ ही शिस्त. एकाला अंदाज मारायची सवय लावायची, दुसऱ्याला मोडायची. हे एकाच डोक्यात दोन वर्षं नांदवणं जमतं, पण ज्यांची बीजगणितावर पकड आधीपासून आहे त्यांनाच. बाकीच्यांनी चार विषय घेऊन दिवाळीत एक मनातून सोडलेला असतो आणि फेब्रुवारीपर्यंत तो नुसता वेळापत्रकात असतो.

बायफोकल कॉम्प्युटर सायन्स हा चांगला, आणि उगाच दुर्लक्षित पर्याय. २०० गुण, दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी. दोन पेपर, प्रत्येकी ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. एका पेपरात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, तर दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि नेटवर्किंग. आयटी वेगळं: वेब डिझाइन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, ८० लेखी आणि २० प्रॅक्टिकल. दोन्हींना ‘कॉम्प्युटर’च म्हणतात आणि प्रवेशाच्या खिडकीशी घोळ होतो. नीटचा विचार असेल तर बायफोकलनं बायो हातचं जातंय का, ते त्याच कॉलेजात विचारून घ्यावं.

शनिवार

कॉलेज निवडताना लोक कट-ऑफ बघतात, मैदान बघतात, क्लासशी टायअप बघतात. प्रयोगशाळा कुणी बघत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, प्रत्येकी ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. तिन्ही विषय असतील तर प्रॅक्टिकलचेच ९० गुण. टायअपवाल्या काही ठिकाणी ते ‘मिळतातच’ असं गृहीत धरतात आणि जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात. मग संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठतो न उठतो तोच प्रॅक्टिकल परीक्षा दारात येते, आणि मूल पहिल्यांदा ब्युरेट हातात धरतं.

पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत गरम करावा लागतो, कारण गार द्रावणात अभिक्रिया सावकाश होते. गुलाबी रंग रेंगाळतो आणि मूल तोच शेवटचा बिंदू समजतं. फेरस अमोनियम सल्फेट असेल तर तापवायचं नाही. आम्ल विरल सल्फ्युरिकच. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि वाचन जास्त येतं. आम्ल कमी पडलं किंवा ब्युरेट घाईनं सोडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. तो फ्लास्क ओतून द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी, सांभाळून घेत बसू नये. द्रावण गडद असल्यानं खालची वक्र कड दिसत नाही, वाचन वरच्या कडेवर घ्यायचं, सुरुवातीचं आणि शेवटचं दोन्ही तिथंच. ब्युरेटचा एक भाग ०.१ मिली. एक अंदाजी वाचन आणि मग जुळणारी तीन. जुळवलेली नाही, जुळणारी.

व्हर्नियर कॅलिपरला शून्य दोष ऋण असेल आणि आठवी रेघ जुळत असेल तर दोष -०.०२ सेंमी. निम्मी मुलं +०.०८ लिहितात. हे फळ्यावर शिकवून येत नाही, जबडा मिटवून बघावा लागतो. नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमात आता प्रायोगिक कौशल्यं असा स्वतंत्र भाग आहे, त्यामुळं टायअपवाल्यांचा ‘कशाला लागतंय’ हा युक्तिवादही टिकत नाही.

कॉलेजात जाऊन विचारायचं ते एवढंच: बॅच किती मुलांची, आठवड्याला प्रॅक्टिकल किती, आणि गेल्या वर्षी दिवाळीपर्यंत किती प्रयोग झाले. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर चटकन आलं तर कॉलेज बरं.

रविवार

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, सोलापूरही त्यात आलं. अर्जाचा पहिला भाग माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. पसंती कॉलेज आणि शाखेची भरायची असते; मॅथ्स-बायोचा गट पुढं कॉलेजात ठरतो. हवा तो गट तिथं आहे की नाही हे आधी विचारलं नाही, तर यादी भरून उपयोग नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, म्हणून एक नंबर नुसत्या नावासाठी भरू नये.

यादी भरण्याआधी आठ दिवसांची चाचणी घ्यावी. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. दोन दिवस मॅथ्सचं सरळ रेषेचं प्रकरण, दोन दिवस फिजिक्सचं दुसरं, दोन दिवस मोल, दोन दिवस बायोतलं बायोमॉलिक्युल्सचं. रोज दीड तास, क्लास नाही, व्हिडिओ नाही. किती गणितं बरोबर आली ते मोजू नये. चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा उघडावंसं वाटलं का, तेवढं बघावं. बायोमॉलिक्युल्समध्ये कंटाळा आला तर तोही निकालच आहे. बायो म्हणजे बेडूक आणि फुलं नव्हेत, निम्मं बायो रसायनच आहे.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांना एक जादा काम. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मराठीत घेता येतं, मॅथ्स फक्त इंग्रजीत; आणि कॉलेजात शिकवणं सगळं इंग्रजीतच. दहावीच्या पुस्तकातून शंभरेक शब्द काढून दोन रकाने करावेत. घरी तेलुगू किंवा कन्नड असेल, जी आपल्याकडं गल्लोगल्ली आहे, तर तिसरा रकाना. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. संवेग म्हणजे मोमेंटम, आणि त्याच्या शेजारीच लिहून ठेवावं की ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’तला मोमेंट हा अर्थानं त्याचा कुणी लागत नाही.