दोन लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली आणि गॅरेजमधली दारू

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. मला तिला हात लावायला मनाई होती. माझ्या हातात रायफल आली ती ओहायोत, चाळिशी उलटल्यावर, शेजारच्या म्हातारबुवांच्या नादाने.

ओहायोत हरणाच्या शिकारीला वाटेल ती रायफल चालत नाही. २०१४ साली परवानगी मिळाली तीही फक्त सरळ पुंगळीच्या (पुंगळी म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच) काडतुसांना. बाटलीसारखी मान असलेली नेहमीची काडतुसं बाद. म्हणून मी जुनी मार्लिन ४४४ घेतली, दांडा (लिव्हर) खालीवर करून पुढचं काडतूस भरायची रायफल. तिचं काडतूस १९६४ सालचं, रिव्हॉल्व्हरच्या .४४ मॅग्नम काडतुसाची पुंगळी ओढून लांब केल्यासारखं. २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,३५० फूट वेगाने जाते. त्या आकड्यावरच मी भाळलो. पुढच्या वर्षी म्हातारबुवांनी त्यांची मार्लिन १८९५ मला विकली, .४५-७० ची. हे १८७३ सालचं अमेरिकन लष्कराचं काडतूस: .४५ इंच व्यासाची गोळी, ७० ग्रेन काळी दारू. ४०५ ग्रेनची, सव्वीस ग्रॅमची गोळी, आणि जुन्या बेताच्या भरणीत वेग जेमतेम १,३३० फूट. मला ती बैलगाडी वाटली.

विकतची काडतुसं महाग, म्हणून घरी भरायला लागलो. वापरलेली पुंगळी साफ करायची, डायमधून (पोलादी साच्यातून) काढून मूळ मापावर आणायची, बुडाशी नवा प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) बसवायचा, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. बायकोने आईला फोनवर सांगितलं, "रात्री अकरा वाजता गॅरेजमध्ये दारू मोजत बसलेत." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

दारूचं वजन मी इथे लिहिणार नाही. त्यासाठी भरणीचं छापील पुस्तक घ्यावं, आणि .४५-७० च्या बाबतीत त्यातलं नेमकं पान बघावं. कारण तिथे एकाच काडतुसाचे तीन तक्ते असतात: ट्रॅपडोअर नावाच्या जुन्या, कमजोर रायफलींसाठी सौम्य, मार्लिनसारख्या लिव्हरवाल्यांसाठी मधला, आणि रुगर नंबर वनसारख्या भक्कम एकबारी रायफलींसाठी जहाल. पुंगळी तीच, पण तिसऱ्या तक्त्यातलं काडतूस पहिल्या रायफलीत घालणं म्हणजे तोंडाशी सुरुंग लावणं. शिवाय ही पुंगळी एवढी ऐसपैस की काही दारूंचं माप चुकून दोनदा पडलं तरी आत मावतं. म्हणून गोळी बसवण्याआधी मी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा झोत टाकून बघतो.

माझी चूक मात्र दुसरीकडेच झाली. या रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकून. म्हणून टोकदार गोळी वर्ज्य. धक्क्यासरशी टोक पुढच्या प्रायमरवर आदळलं तर संपलंच. गोळ्या मी चपट्या नाकाच्याच आणल्या होत्या. पण पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत नीट आवळलं नव्हतं. रेंजवर ४४४ च्या दोन गोळ्या मारल्या आणि उरलेली काडतुसं बाहेर काढली, तर एकाची गोळी दोन मिलिमीटर आत सरकलेली. आतली जागा घटली की दाब वाढतो. म्हातारबुवांनी काडतूस बोटांत फिरवलं आणि त्या दिवसापुरती माझी रायफल पेटीत ठेवायला लावली. घरी येऊन त्या भरणीची सगळी, एकोणतीस काडतुसं उघडून सुटी केली. आता आवळायला वेगळा डाय वापरतो, आणि सगळ्या पुंगळ्या आधी एका लांबीच्या कापून घेतो. पुंगळ्या लहान-मोठ्या असतील तर आवळही कमी-जास्त बसतो, हे तेव्हा कळलं.

मग खरी तुलना. शंभर यार्डांवर, पाच-पाच गोळ्या. ४४४ मध्ये २६५ ग्रेनच्या गोळ्या दोन इंचांत बसल्या. लोभाने ३०० ग्रेनच्या लावल्या, तर सहा इंच पांगल्या. गोळीला गिरकी द्यायला नळीत आतून पीळदार खाचा असतात; माझ्या ४४४ च्या नळीला ३८ इंचांत एक पीळ आहे, म्हणजे फारच सैल. लांब गोळीला पुरेशी गिरकी मिळत नसावी. १८९५ ला २० इंचांत एक पीळ, ती ४०५ ग्रेनच्या ओतीव शिशाच्या गोळ्याही निमूटपणे अडीच इंचांत ठेवते. सौम्य भरणीत तिचा धक्का खांद्याला ढकलल्यासारखा लागतो; ४४४ चा थप्पड मारल्यासारखा. दीडशे यार्डांपुढे मात्र १८९५ ची गोळी विहिरीत पोहरा सोडल्यासारखी खाली जाते, तिथे ४४४ च सरस.

पण दीडशे यार्ड दिसतात कुठे? आम्ही जातो त्या आग्नेय ओहायोच्या डोंगरांत झाडी एवढी दाट की ऐंशी यार्ड म्हणजे लांबचा नेम. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडला तेव्हा मी नारिंगी जाकीट चढवून बैलगाडीच नेली. इथे रायफलीत एकूण तीनच काडतुसं ठेवता येतात. सकाळी साडेआठला साठ यार्डांवर मादी आली, आडवी उभी राहिली. एकच गोळी लागली.

दुपारी गाडीशी येऊन उरलेली दोन काडतुसं कॅलिपरमध्ये धरली. लांबी भरतानाची होती तेवढीच.