लांब मिरची बघून झाड निवडू नका

मिरचीच्या ब्रीडिंगमध्ये (सुधारित वाण तयार करण्याच्या कामात) नवीन होतो तेव्हा प्लॉटमध्ये शिरलं की ज्या झाडाला लांब, जाड, चकचकीत फळं दिसतील त्याला टॅग बांधून मोकळा व्हायचो. पुढच्या पिढीत फळं लांब आली खरी पण उत्पादन होतं तिथेच, अख्खा हंगाम गेला याचं फार वाईट वाटलं.

झालं काय होतं तर फळाची लांबी, एका फळाचं वजन या गुणांची अनुवंशिकता बहुतेक वेळा चांगली असते म्हणून ते पुढे उतरतात, पण फळांची संख्या आणि एका फळाचं वजन यांचं नातं बऱ्याचदा उलटं असतं. झाडाकडे अन्न ठरावीकच, ते थोड्या मोठ्या फळांत जाईल नाहीतर भरपूर लहान फळांत. मी मोठी फळं निवडत गेलो आणि नकळत संख्या कमी करत गेलो!

म्हणून आता आधी पीसीव्ही (झाडाझाडांत दिसणाऱ्या एकूण फरकाचा आकडा) आणि जीसीव्ही (त्यातल्या जनुकांमुळे पडणाऱ्या फरकाचा आकडा) शेजारी ठेवून बघतो. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर दिसणारा फरक मुख्यतः जनुकांचा, अंतर जास्त असेल तर खत, पाणी, ऊन यांचा हात मोठा. नुसती अनुवंशिकता जास्त असूनही भागत नाही, सोबत जेनेटिक अ‍ॅडव्हान्सही (निवडीमुळे पुढच्या पिढीत अपेक्षित असलेली सुधारणा) चांगला हवा, तेव्हा निवड कामाला येते.

मला सगळ्यात आवडतं ते पाथ अ‍ॅनालिसिस, अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी 1921 मध्ये मांडलेलं. यात दोन गुणांच्या सहसंबंधाची थेट परिणाम आणि दुसऱ्या गुणांमार्फत होणारा परिणाम अशी फोड करतात. समजा उंची आणि उत्पादनाचा सहसंबंध चांगला दिसतोय, पण फोड करून बघितलं की कधी कधी कळतं उंचीचा थेट परिणाम जेमतेम आहे, उंच झाडाला फांद्या जास्त, फांद्यांमुळे फळं जास्त, म्हणून ते नातं दिसतंय. मग उंचीवर निवड कशाला, सरळ फळं मोजा ना.

तिखटपणाचं गणित वेगळंच. पन-वन जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर मिरची तिखट होतच नाही, पण तिखट झालीच तर किती, हे बऱ्याच जनुकांवर आणि हवामानावर ठरतं.

आणि हो, मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं म्हणून निर्धास्त राहू नका, मधमाश्या बाहेरचा पराग आणतातच. निवडलेल्या झाडाच्या कळ्या उमलायच्या आधी पिशवीत झाका आणि बी धरायचं ते त्याच फळांचं.