सहा महिन्यांचं काम, रोजचे प्रवासाचे तीन तास

आज दोन कंत्राटांपैकी एकाला होकार द्यायचा होता. एक मुंबईत अंधेरीच्या सीप्झला (निर्यात कंपन्यांची वसाहत), दिवसाचे पैसे चांगलेच जास्त. दुसरं ठाण्यात, वागळे इस्टेटला. दोन्ही सहा महिन्यांची.

मी बदलापूरला राहते. सीप्झ म्हणजे लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथून तीन नंबरची मेट्रो. नकाशावर हे सोपं दिसतं. पण कल्याण-बदलापूर पट्ट्यात दोनच रूळमार्ग आहेत आणि लोकल, मेल-एक्सप्रेस सगळं त्यावरूनच जातं. एक गाडी अडकली की मागचं सगळं अडकतं. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, पण माझं कंत्राट त्याच्यासाठी थांबणार नाही.

कायम नोकरीत उशीर झाला तर फार तर लेटमार्क. माझ्या या कंत्राटांत भरपगारी रजा नाही, पीएफ नाही. पावसात लोकल बंद पडली तर त्या दिवसाचे पैसे गेले. म्हणून मी रोजचे पैसे कामाच्या आठ तासांनी न भागता घरातून निघण्यापासून परत येण्यापर्यंतच्या तासांनी भागले. सीप्झचा फायदा जवळपास संपला. (परतीच्या गाडीत उभं राहून दुखणारी कंबर त्यात धरलेलीच नाही.)

सीप्झवाल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागितलं. नाही म्हणाले. तेवढं मिळालं असतं तर मी तिकडेच गेले असते, कारण काम खरंच आवडलं होतं.

संध्याकाळी ठाण्याला होकार कळवला. सोमवारपासून रुजू.