अकरा गोलांची झाडाझडती

आमच्या फुटबॉल क्लबमध्ये हंगामात दोनदा चाहत्यांना व्हिडिओ विश्लेषणाच्या खोलीत बोलावतात. पंचवीस-तीस जण, मोठा पडदा, दोन तास. विषय चाहत्यांनीच निवडायचा. या वेळी दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. आमचा 19 वर्षांचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला सगळ्यांत पुढे खेळणारा, 24 सामने, 11 गोल. निम्मा स्टँड त्याला डोक्यावर घेऊन नाचतोय, उरलेला म्हणतोय की पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. विश्लेषक म्हणून मांडणी माझ्याकडे होती. प्रशिक्षकांची परवानगी घेतली होती आणि जे दाखवणार ते त्या मुलालाही आधी दाखवलं होतं.

खुर्च्या लागायच्या आधीच वाद पेटला. एकाने नॉर्वेचा स्ट्रायकर हालांड काढला: 2019 च्या 20 वर्षांखालील विश्वचषकात होंडुरासविरुद्ध एकाच सामन्यात 9 गोल, तेव्हाच कळायला हवं होतं. त्यावर दुसऱ्याने इटलीचा माकेडा काढला: एप्रिल 2009, मँचेस्टर युनायटेडकडून पदार्पणात ॲस्टन व्हिलाविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी गोल, वय 17, आणि पुढे तो त्या उंचीवर टिकलाच नाही. मग कोणीतरी इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन आणलाच. 2014-15 मध्ये 21 लीग गोल केल्यावर त्यालाही एका हंगामाचा पाहुणा म्हणत होते; पुढच्या दोन हंगामांत त्याने 25 आणि 29 केले.

तिन्ही उदाहरणं खरी आहेत आणि तिन्हींतून आमच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. गोल झाले हे सगळ्यांना दिसतं. ते कुठून, कशामुळे आणि कोणत्या मिनिटाला झाले ते सोडवून पाहावं लागतं.

म्हणून आधी पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना मारायच्या किक, बाजूला काढल्या. 11 पैकी 3 गोल पेनल्टीचे. पेनल्टी साधारण चारपैकी तीनदा आत जाते. त्यात घेणाऱ्याचं कसब असतंच, पण स्ट्रायकर म्हणून तो जागा कशी शोधतो हे त्यातून समजत नाही. उरले 8. मग मिनिटं. 24 सामन्यांपैकी 14 मध्ये तो बदली म्हणून उतरला होता, एकूण 1,260 मिनिटं, म्हणजे पूर्ण 14 सामन्यांइतकी. बदली खेळाडूचा दर 90 मिनिटांचा हिशेब बरेचदा फुगलेला दिसतो, कारण समोरचे बचावपटू दमलेले असतात आणि पिछाडीवरचा संघ पुढे सरकल्याने मागे मोकळी जागा पडते. आठपैकी चार गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे होते. हे ऐकून 'फुगा आहे'वाल्यांची बाजू खूश झाली. जरा लवकरच.

मग शॉट लावले. पेनल्टी सोडून 41. प्रत्येक ठिकाणाहून सरासरी खेळाडूचा गोल किती वेळा होतो त्यावरून अपेक्षित गोलांचा आकडा निघतो, त्यालाच एक्सजी म्हणतात. इथे मी पडद्यावर फक्त गोलपोस्ट आणि कोन काढले, कारण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही. दोन खांबांमधलं अंतर 7.32 मीटर. समोरून 11 मीटरवर उभं राहिलं तर चेंडूला साधारण 37 अंशांचा कोन मिळतो. गोलरेषेपासून तितक्याच अंतरावर पण 10 मीटर बाजूला सरकलं की तोच कोन 21 अंशांवर येतो. समोरून 20 मीटरपर्यंत मागे गेलं तरी 21 च. आणि मागे गेल्यावर मध्ये पायही जास्त येतात.

आमच्या मुलाचे 15 शॉट बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकोनाच्या, बाहेरून होते. त्यांतून अपेक्षित गोल सगळे मिळून अर्धा. प्रत्यक्षात झाले 2. हेच ते दोन गोल, ज्यांच्या क्लिप सगळ्यांच्या फोनवर आहेत. त्यांपैकी एक बचावपटूच्या पोटरीला लागून वळला होता. फोनवरच्या तुकड्यात तो कोन दिसतच नाही. बॉक्समधून शॉट 26, अपेक्षित गोल 5.9, प्रत्यक्षात 6. म्हणजे जवळून तो जेवढे व्हायला हवेत तेवढेच करतो. त्याचं फिनिशिंग, म्हणजे संधीचा गोल करणं, जादूई नाही, कच्चंही नाही. एकूण अपेक्षा 6.4, झाले 8. हेच 41 शॉट पुन्हा मारायला लावले तर पाचपैकी किमान चारदा उत्तर 4 ते 9 च्या दरम्यान कुठेही येईल. दोन गोल इकडेतिकडे झाल्यावरून कोणाला मोठा किंवा छोटा ठरवू नये, एवढं हे गणित नक्की सांगतं.

पण 26 शॉटना 5.9 हा आकडा मला सकाळपासून खटकत होता. चांगल्या अर्थाने. एका शॉटमागे जवळपास 0.23. बॉक्समधल्या शॉटसाठी हे बरंच जास्त आहे. इतक्या सोप्या संधी एकाच खेळाडूच्या वाट्याला नशिबाने येत नाहीत. त्या तो मिळवतो. कशा मिळवतो, हे आकड्यात नसतं, कारण आकडा चेंडू पायाला लागल्यावर सुरू होतो.

टीव्हीच्या चित्रणात हे सापडत नाही. तो कॅमेरा चेंडूमागे फिरतो. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक, रेषेवर चेंडू घेऊन निघाला की स्ट्रायकर चौकटीबाहेर. त्यासाठी आम्ही स्टँडच्या माथ्यावर एक स्थिर, रुंद कॅमेरा लावतो. त्यात समालोचन नाही, रिप्ले नाही, फक्त सगळं मैदान आणि मैदानाचा आवाज. त्यातले तीन पूर्ण सामने मी चेंडूकडे न पाहता, एकट्या त्याच्यावर नजर ठेवून पाहिले होते. बॉक्सकडे त्याने 31 वेळा धाव घेतली. पास आला 7 वेळा.

त्यातली एक, 63 वं मिनिट, मी पडद्यावर लावली आणि विचारलं की काय दिसतंय. कोणालाच काही दिसेना. दुसऱ्यांदा लावल्यावर मागच्या रांगेतले पासष्टीचे एक गृहस्थ म्हणाले, "तो आधी उलटा जातो. मी गोलच्या मागे बसतो ना, तिथून दिसतं. दोन पावलं लांबच्या खांबाकडे, मग एकदम पुढून आत."

इतक्या नेमक्या शब्दांत आमच्या अहवालातही लिहिलेलं नव्हतं. मी चित्र थांबवलं आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने एकेक फ्रेम पुढे नेली. विंगरने शेवटचा लांब टच टाकला आणि मान खाली घातली. त्याच क्षणी आपला मुलगा लांबच्या खांबाकडे दोन पावलं टाकतो. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत ठेवायचे असतात, म्हणून तो कंबर वळवतो. कंबर वळली की परत फिरायला त्याला एक पूर्ण पाऊल लागतं. तेवढ्यात आपला मुलगा त्याच्या पुढून जवळच्या, म्हणजे विंगरच्या बाजूच्या, खांबाशी पोचलेला. दोघांमध्ये दीड मीटर मोकळं. जवळच्या खांबाशी दीड मीटर म्हणजे पायाचा नुसता स्पर्श पुरे. विंगरने चेंडू मागे कापला आणि हल्ला संपला. नोंदवहीत या धावेसाठी रकानाच नाही.

त्याचं मोल इथे आहे. हे 19 व्या वर्षी शिकवूनही सहज येत नाही, कारण चूक पायात नसते, वेळेत असते: बहुतेक मुलं विंगरने मान वर केल्यावर निघतात आणि तोवर सेंटर बॅकही निघालेला असतो.

टीका करणाऱ्यांकडेही एक पक्की गोष्ट होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "पाठमोरा चेंडू घेतला की त्याच्याकडे टिकतच नाही." बरोबर. त्याच तीन सामन्यांत सेंटर बॅक अंगाला लागलेला असताना 22 वेळा चेंडू त्याच्याकडे आला, 13 वेळा गेला. कारण ताकद कमी असल्याचं नाही. तो चेंडूकडे सरळ तोंड करून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून उभा राहतो, त्यामुळे मागून हलका धक्काही त्याला पुढे ढकलतो. उभं राहायचं ते आडवं, एक खांदा बचावपटूकडे. कोपरापुढचा हात त्याच्या छातीशी टेकवून तो कुठे आहे ते समजून घ्यायचं, गुडघे वाकवायचे आणि चेंडू लांबच्या पायाने घ्यायचा. तो घेतो जवळच्या पायाने, म्हणून पाठीमागून पाय घालणं सोपं जातं. सरावात रोज वीस मिनिटं यावर काम चालू आहे. हे सुधारणारं आहे, आणि यावरून त्याला फुगा म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती, आणि ती मी शेवटी ठेवली होती. बाहेरून मारलेल्या 15 शॉटचं कॅलेंडर. पहिल्या 20 सामन्यांत 6. त्यातच ते दोन गोल, एकोणिसाव्या आणि विसाव्या सामन्यात. त्यानंतरच्या 4 सामन्यांत 9, गोल शून्य. आणि त्याच 4 सामन्यांत बॉक्समधले शॉट फक्त 2. आधीच्या 20 मध्ये ते 24 होते. म्हणजे जे त्याला उत्तम जमतं ते तो करेनासा झाला होता. चेंडू मागायला तो खाली येत होता, वळत होता आणि मारत होता.

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग "प्रशिक्षकांनी सांगायला हवं", "चेंडू पुढे मिळत नसेल म्हणून खाली येत असेल" असं सुरू झालं. दुसरा मुद्दा विचारात घेण्यासारखा होता, पण विंगरच्या क्रॉसची, म्हणजे कडेवरून बॉक्समध्ये टाकलेल्या चेंडूंची, संख्या तेवढीच होती. क्रॉस येत होते. जवळच्या खांबाशी कोणी नव्हतं.

शेवटची क्लिप गेल्या सामन्याची, 78 वं मिनिट, त्याच वरच्या कॅमेऱ्यातली. तो 24 मीटरवर चेंडू घेऊन वळतो. डावीकडे विंगर एकटा, समोर 12 मीटर मोकळं गवत. सेंटर बॅक अजून मागे सरकतोय. एक साधा पास द्यायचा आणि स्वतः बॉक्समध्ये निघायचं, त्याची नेहमीची दोन उलटी पावलं टाकायची. तो मान वर करून विंगरकडे बघतोही. मग मारतो. चेंडू पहिल्याच बचावपटूच्या मांडीला लागून बाहेर.

क्लिप मी आवाज बंद करून लावली होती. पुढच्या रांगेतल्या त्याच मुलीने विचारलं, "आवाज आहे का याला?"

आवाज चढवून पुन्हा लावली. त्याने विंगरकडे मान वळवली त्याच फ्रेमपासून गोलमागचा अख्खा स्टँड ओरडत होता: "मार! मार!"

मागच्या रांगेतले ते गृहस्थ पडद्याकडे बघत म्हणाले, "यात मीही आहे."