नावेतला कटऑफ

माझं दुकान भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, रस्त्याला लागूनच. बोर्डावर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ लिहिलं आहे, पण खरं काम ट्रॅक्टरचं. सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बॅटरी चार्ज करणारा डायनामो, वायरिंग, बॅटरी. अल्टरनेटरलाही आम्ही डायनामोच म्हणतो, ते सोडून द्या. नावेचं काम कधी हाताखालून जाईल असं वाटलं नव्हतं. पण गोसीखुर्द धरणाचं पाणी अडलं, वैनगंगा जिथे पावलांनी ओलांडता यायची तिथे आता उन्हाळ्यातही पाणी दिसतं, आणि माझ्या मामेभावाने फायबरची एक बोट घेतली. डिझेल इंजिन, 12 व्होल्टची बॅटरी, दिवे, हॉर्न आणि तळातलं पाणी उपसायला छोटा पंप. वायरिंग मी करून दिलं. फुकटात. घरचंच काम.

तर त्या बोटीला मी ट्रॅक्टरचा कटऑफ लावला, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा स्विच. बॅटरीच्या टर्मिनलवर बसतो, हिरवी गोल मुठ फिरवली की सुटतो, तोच. दोनशे रुपयांच्या आत येतो. आमच्या भागातल्या अर्ध्या ट्रॅक्टरवर तो आहे आणि कोणाची तक्रार नाही.

पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या हंगामात मामेभावाचा फोन. “दादा, सेल्फ उचलून नाही राह्यला. टिक टिक करते फक्त. अन्‌ तो तुझा हिरवा डोंगा हाताला चटका देते.” त्या मुठीला तो डोंगा म्हणायचा. बोटीत चार पाहुणे होते आणि किनारा बऱ्यापैकी लांब. बांबूने ढकलत आणावी लागली.

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, म्हणजे भरलेली. मग त्याला सेल्फ मारायला लावलं आणि मीटरच्या दोन पिना कटऑफच्या दोन टोकांवर धरल्या. हे माप ज्याने कधी घेतलं नाही त्याने एकदा घेऊन बघा. चालू असलेल्या स्विचच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य दिसायला पाहिजे. मला दिसलं 0.8. असं इंजिन फिरवताना सेल्फ अडीचशे अँपिअरच्या आसपास ओढतो. 250 गुणिले 0.8, म्हणजे 200 वॅट. तेवढी उष्णता त्या मुठीएवढ्या जागेत. हाताला चटका बसणारच. इकडे सेल्फच्या वाट्याला व्होल्टेज कमी पडतं, तो टिकटिक करतो, आपण पुन्हा दाबतो, स्विच आणखी तापतो.

उघडून बघितलं तर आतला संपर्क काळा पडलेला आणि पितळेवर हिरवा थर. मामेभाऊ म्हणे, समुद्र तर नाही ना आपल्याकडे, मग काहून? मीठ लागतच नाही त्याला. आषाढापासून कार्तिकापर्यंत पाण्यावरची दमट हवा आणि बॅटरीतून निघणारी तेजाबाची वाफ एवढं पुरतं. मी तर स्विच बॅटरीच्या पेटीतच बसवला होता. ती चूक सरळ माझी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. त्या पेटीत ठिणगी टाकणारी वस्तू ठेवायचीच नसते.

मग नवीन शोधायला लागलो. बोटीचे कटऑफ बनवणाऱ्यांत हेला, पर्को, ब्लू सी ही नावं जुनी आहेत. ऑनलाइन बघितलं तर त्यांच्यासारखे दिसणारे लाल मुठीचे स्विच ढिगाने, तीनशे रुपयांपासून. प्रत्येकावर ‘200 अँपिअर’. किती वेळ, ते मात्र लिहिलेलं नाही. खरी गोष्ट इथेच आहे. चांगल्या स्विचवर तीन आकडे असतात: सतत चालणारा करंट, पाच मिनिटांचा आणि सेल्फ मारताना काही सेकंदांचा. पहिला सगळ्यात लहान, शेवटचा सगळ्यात मोठा. ज्याच्यावर एकच आकडा छापला आहे, त्याने बहुतेक मोठा तेवढा छापला असं मी समजतो.

एक घेऊन बघितला. दुकानात जुन्या स्पीकरचा चुंबक पडला होता, तो बोल्टला लावला. चिकटला. म्हणजे लोखंड, वरून कलई. वीज जायला तांबं पाहिजे, कथील चढवलेलं तांबं सगळ्यात बरं. तो स्विच परत पाठवला. शेवटी घेतला तो साडेतीन हजारात पडला आणि चुंबक त्याच्यावरून घसरून गेला. मामेभावाने किंमत ऐकून तोंड वाकडं केलं. “एवढ्यात तर जाळं येते, दादा.” येतं, खरं आहे.

चावीवाला नको म्हटलं. काढता येणारी चावी पाण्यात पडली की गेली. मुठ जागेवर राहणारा घेतला. दोन बॅटऱ्यांचा एक-दोन-दोन्ही असाही प्रकार मिळतो, पण ‘दोन्ही’वर विसरून राहिलं की रात्रभरात दोन्ही बॅटऱ्या बसतात. आपल्याकडे बॅटरी एकच, म्हणून सरळ बंद-चालू. पेट्रोल इंजिनवाल्यांनी मात्र ठिणगी बाहेर न येणारा, तसं प्रमाणपत्र असलेलाच घ्यावा, तिथे काटकसर करू नये.

बसवताना एक बघा. केबलचा लग, म्हणजे टोकाची भोकाची पट्टी, थेट बोल्टच्या बुडाशी, तांब्याला टेकून बसला पाहिजे. वॉशर त्याच्या वर, मग नट. खालून वॉशर घातला की करंट त्या वॉशरमधून जायला लागतो आणि पुन्हा तोच चटका. दुसऱ्याने केलेली कामं माझ्याकडे येतात त्यात ही चूक इतक्या वेळा दिसते की मोजणं सोडलं.

आता पंपाची गोष्ट. जुन्या वायरिंगमध्ये मी तोही कटऑफच्या पुढे जोडला होता. मामेभाऊ शिस्तीचा, संध्याकाळी मुठ फिरवूनच घरी जायचा. पोळ्याच्या आदल्या रात्री झोडपून पाऊस पडला. सकाळी बोट काठाला अर्धी बुडालेली. पंप, पाणी चढलं की तो आपोआप चालू करणारा फ्लोट, सगळं ठीक, फक्त वीज बंद. आता पंपाची तार बॅटरीवरून सरळ आहे, कटऑफच्या आधीच, आणि तिला तिचा स्वतःचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरात. बाकी सगळं मुठीच्या पलीकडे.

मुठीजवळ मी खडूने नाही, रंगाने लिहिलं आहे: इंजिन चालू असताना फिरवू नये. चालत्या डायनामोची बॅटरी तोडली की व्होल्टेज उसळतं आणि त्यातले डायोड जळतात. मामेभावाचा मुलगा तरी एकदा फिरवायला निघालाच होता.

नव्या स्विचवर पुन्हा माप घेतलं. सेल्फ मारताना 0.04. मुठ थंडगार.

जुना हिरवा डोंगा दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे, लोकांना दाखवायला. परवा एक जण आला, त्याने तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, “हा केवढ्याचा, भाऊ?”