देवासहून इंदूर: 55 हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर

मे 2025 मध्ये भाच्याची परीक्षा संपली आणि त्याने माझ्यामागे टुमणं लावलं, "मामा, आता तरी चला." त्याचे दोन वर्षांचे साठवलेले पैसे, त्यात ताईची आणि माझी भर, असे 55 हजार जमले होते. मॉनिटर घरी होताच: 22 इंची, फुल एचडी, 75 हर्ट्झ. म्हणून जाण्याआधी मी त्याला एकच गोष्ट बजावली, की आपण या पडद्यापुरतंच विकत घ्यायचं. पडदा सेकंदाला 75 चित्रं दाखवणार असेल तर 150 काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे कशाला द्यायचे? तुम्हीही सुरुवात इथूनच करा. पडद्यावरून कार्ड ठरतं, कार्डावरून एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), आणि उरलेल्यात बाकीचं बसवायचं.

सकाळच्या गाडीने इंदूर गाठलं. स्टेशनवरून आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल जवळच आहे, विद्यापीठाच्या जुन्या आवाराच्या बाजूला. कॉम्प्युटरची दुकानं एकाला लागून एक, त्यामुळे भाव काढायला उन्हात हिंडावं लागत नाही. पोहे-जिलबी खाऊनच आत शिरा, तीन-चार तास सहज जातात. सोबत कागदावर यादी हवी आणि त्यात प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल हवं. नुसतं "16 जीबी रॅम, 550 वॉटचा एसएमपीएस" लिहून नेलंत तर दुकानदाराला जे खपवायचं असेल ते तुमच्या पिशवीत येईल. "भिया, एक ही बात है" हे वाक्य आम्ही त्या दिवशी निदान सहा वेळा ऐकलं. ती एकच गोष्ट नसते.

प्रोसेसर एएमडीचा रायझन 5 5600 ठरलेला होता: सहा कोअर, 65 वॉट, पंखा डब्यातच मिळतो. दोन दुकानांत 5600जी घ्यायचा आग्रह झाला, "यात ग्राफिक्स आहे, कार्ड नंतर घ्या." कार्डाला वर्षभर पैसे नसतील तर हा सल्ला योग्यच आहे. पण कार्ड आजच घ्यायचं असेल तर नको, कारण 5600जीमध्ये एल3 कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) निम्मी, 32ऐवजी 16 एमबी असते. इंटेलचा आय3-12100एफ स्वस्त पडत होता, पण त्यात कोअर चारच. एएम5, म्हणजे एएमडीचं नवं सॉकेट, मी विचारातच घेतलं नाही. त्याला नव्या पिढीची डीडीआर5 रॅमच लागते आणि मदरबोर्डही महाग, म्हणजे आमच्या कार्डाचे पैसे तिथेच गेले असते.

कार्डासाठी आरएक्स 6600, 8 जीबी घेतलं. 6500 एक्सटी बरंच स्वस्त मिळत होतं आणि भाच्याचं मन तिकडे वळलं होतं. पण त्यात मेमरी 4 जीबी आणि ते पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) चारच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईच्या बी450 बोर्डवर ते आणखी मार खातं. 6600 आठ लेन वापरतं, त्याला बी450वर फारसा फरक पडत नाही. म्हणूनच बी550 न घेता बी450 घेतला आणि वाचलेल्या पैशांत 500 जीबीऐवजी 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणली. हल्ली एकेक गेम 100 जीबीच्या वर जातो. बी450च्या डब्यावर मात्र रायझन 5000 चालत असल्याचा स्टिकर बघून घ्या, जुन्या मालात बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एसएमपीएसवर घालवला, आणि तुम्हीही घालवा. एका काउंटरवर "500 वॉट" म्हणून स्वस्तातला समोर आला. उचलला तर हाताला हलका लागला. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरात +12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर होते. 18 गुणिले 12 म्हणजे 216 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड चालतात ते याच 12 व्होल्टवर, आणि 6600 एकटं 132 वॉट घेतं. आम्ही घेतलेल्या 550 वॉट, ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) वाल्यावर तिथे 43 अँपिअर होते, म्हणजे 516 वॉट. डब्यावरचा मोठा आकडा सोडा, हा रकाना वाचा.

आम्हाला पडलेला भाव असा: प्रोसेसर 9,500, बोर्ड 5,800, रॅम 3,200, कार्ड 21,500, एसएमपीएस 4,200, एसएसडी 5,200, जाळीदार तोंडाचं तीन पंख्यांचं कॅबिनेट 3,400. एकूण 52,800. हे तेव्हाचे भाव. 2025च्या अखेरीस रॅम एकदम चढली, म्हणून जाण्याच्या दिवशी भाव पुन्हा विचारा. कॅबिनेटला काचेचं तोंड नको. माळव्यातला मे कसा असतो ते आपल्याला माहीत आहे, आत हवा गेलीच पाहिजे.

"कच्च्या बिलावर घ्या, 18 टक्के जीएसटी वाचेल" असंही एकाने सुचवलं. आम्ही पक्कं बिल घेतलं, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घेतला. त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी झाला.

जोडणी देवासला नेऊन न करता रामबागेत मावशीकडे केली, तिच्या जेवणाच्या टेबलावर, आणि पडदा म्हणून तिचा टीव्ही. बिघाड निघालाच तर दुकान जवळ असावं, एवढाच हिशेब. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी उभी करायची आणि प्रोसेसर वरून नुसता सोडायचा. आपल्या वजनाने तो खाली बसतो. दाबायचं अजिबात नाही, एएम4च्या (एएम5च्या आधीच्या, आमच्या सॉकेटच्या) पिना प्रोसेसरला असतात आणि वाकतात. भाच्याने श्वास रोखून तो सोडला आणि मावशीने तेवढ्यापुरता पंखा बंद केला.

चालू केलं तर पडदा काळा. एचडीएमआयची वायर बोर्डच्या खोबणीत लावली होती आणि 5600ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. वायर कार्डात लावताच चित्र आलं. पण बायोसमध्ये रॅम 8 जीबीच दिसत होती. 8-8 जीबीच्या दोन्ही पट्ट्या नियमाप्रमाणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होत्या. एकेक पट्टी एकाच खाचेत लावून पाहिली, तर एक पट्टी मेलेली निघाली. दुकानदाराने सकाळी आधी "तुमच्याकडून गेली असेल" म्हटलं, मग बिलावरचा नंबर पट्टीशी ताडून पाहिला आणि बदलून दिली. 16 जीबीची एकच पट्टी घेतली असती तर आम्ही त्या रात्री पुढे काही तपासूच शकलो नसतो. आणि दोन पट्ट्यांनी गेमही जास्त सुरळीत चालतात.

रॅम आली की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करा, नाहीतर 3200ची रॅम कमी वेगाने चालत राहते. विंडोज 11वर व्हॅलोरंट खेळायचं असेल तर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी तिथेच चालू करून घ्या.

परतताना कार्ड बोर्डमधून काढून त्याच्या डब्यात ठेवलं, कारण प्रवासाच्या हादऱ्यांनी खाच तुटू शकते. कॅबिनेट माझ्या पायाशी आडवं होतं. डबा भाच्याने देवास येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.